घर घ्या, दुरुस्त करा, विका: बयाणा देण्याआधीचा हिशेब

निवृत्तीची रक्कम हाती आली, किंवा वडिलोपार्जित घराच्या वाटणीचे पैसे मिळाले, की रायपूरमध्ये एक सल्ला हमखास ऐकू येतो. "बँकेत ठेवून काय मिळणार? एखादं जुनं घर घ्या, रंगरंगोटी करा, वर्षभरात विका. चाळीसचं पंचावन्न होईल." सल्ला देणाऱ्याने ऐकलेले दोन्ही आकडे खरे असू शकतात. घर चाळीस लाखांना घेतले गेले असेल आणि पंचावन्न लाखांना विकलेही गेले असेल. पण या दोन आकड्यांच्या मधले आकडे कोणी सांगत नाही. नफा तिथेच जातो.

म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. आपले आकडे त्यांच्या जागी घालून पाहावेत.

समजा, जुन्या वस्तीतले एक घर ४०,००,००० रुपयांना ठरले. त्यासाठी २८,००,००० रुपयांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतले आणि बाकीचे घरातून घातले. रजिस्ट्रीचा खर्च ९ टक्के धरला तर ३,६०,००० रुपये. दलालाला १ टक्का म्हणजे ४०,०००. वकील, कागदपत्रे आणि किरकोळ खर्च २५,०००. दुरुस्ती ६,००,०००. इथपर्यंत घर ५०,२५,००० रुपयांना पडले. आता वेळ लागतो. चार महिने कामाला आणि दहा महिने गिऱ्हाईक मिळून रजिस्ट्री होईपर्यंत, असे चौदा महिने धरू. कर्जाचे नुसते व्याज महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे २,९४,०००. मालमत्ता कर, वीजबिल आणि राखण यांचे २५,०००. विकताना पुन्हा दलाली ५५,०००. सगळे मिळून ५३,९९,०००.

घर ५५,००,००० रुपयांना विकले, तर हातात राहिले १,०१,०००.

यातून आयकर जायचा आहे. घर २४ महिन्यांच्या आत विकले तर होणारा फायदा अल्पमुदतीचा धरला जातो आणि आपल्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्या दराने कर बसतो. करासाठीचा फायदा मात्र १,०१,००० नसतो. खरेदीची किंमत, रजिस्ट्री, दलाली आणि पावत्या असलेली दुरुस्ती वजा होते. मालमत्ता कर आणि वीजबिल वजा होत नाही, आणि कर्जाचे व्याज वजा मिळेलच असे धरून चालता येत नाही. आपल्या उदाहरणात करपात्र फायदा सुमारे ४,२०,००० निघतो. आपण २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ८७ हजारांच्या आसपास कर होईल. उरले चौदा हजार.

या व्यवहारात घरातून घातलेले पैसे होते २२,२५,००० रुपये, आणि दरमहा भरलेले व्याज वेगळे. तेवढीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत चौदा महिने राहिली असती, तर करापूर्वी सुमारे १,६९,००० रुपये व्याज मिळाले असते, तेही मिस्त्रीच्या मागे न धावता.

"मग दोन वर्षे थांबून विकू, कर कमी पडेल," असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. २४ महिन्यांनंतर फायदा दीर्घमुदतीचा होतो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे. कर ८७ हजारांवरून ५५ हजारांच्या खाली येईल. पण जास्तीच्या दहा महिन्यांचे व्याज २,१०,००० रुपये. कर वाचवण्यासाठी कर्जावरचे घर धरून ठेवणे क्वचितच परवडते. मधल्या काळात चांगला भाडेकरू मिळाला तर गोष्ट थोडी बदलते.

रजिस्ट्रीचा खर्च एवढा का धरला, तेही पाहू. नागपूर-पुण्याचे नातेवाईक जो हिशेब सांगतात तो इथे लागू होत नाही. महाराष्ट्रात नोंदणी शुल्क १ टक्का आहे आणि ते ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. छत्तीसगडने २०१९ मध्ये गाइडलाइन दर ३० टक्क्यांनी उतरवले आणि त्याच वेळी नोंदणी शुल्क ०.८ टक्क्यावरून ४ टक्के केले. दरांतली ती सूट ३१ मार्च २०२४ ला संपली, पण ४ टक्के मागे राहिले. मुद्रांक शुल्क यावर वेगळे. स्त्रीच्या नावावर खरेदी केल्यास ते पुरुषापेक्षा कमी आहे, म्हणून घर कोणाच्या नावावर घ्यायचे हे आधीच ठरवावे. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे गाइडलाइन दर आले. बऱ्याच भागांत ते मोठ्या फरकाने वाढले, विरोध झाला आणि डिसेंबरात काही नियम बदलावे लागले. त्यामुळे शेजाऱ्याने मागच्या वर्षी भरलेली रक्कम विचारून उपयोग नाही. आपल्या गल्लीचा आजचा दर उपपंजीयक कार्यालयात जाऊन पाहावा.

गाइडलाइन दराचा दुसरा उपयोग आयकर खाते करते. विक्रीची किंमत गाइडलाइन किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर कर गाइडलाइन किमतीवर लागतो. मिळाले कमी, कर जास्तीवर. आणि घेणाऱ्यालाही त्या फरकावर कर भरावा लागू शकतो.

भिंतींची दुरुस्ती आणि कागदांची दुरुस्ती

या धंद्यात जे टिकून आहेत त्यांचा नफा दुरुस्तीतून कमी आणि खरेदीतून जास्त येतो. वरचेच घर ३५ लाखांना मिळाले असते तर चित्र वेगळे दिसले असते. पण रायपूरमध्ये घर स्वस्त मिळते तेव्हा त्याला बहुधा कारण असते, आणि ते कारण रंगात नसून कागदात असते.

तात्यापारा, बुढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांतले घर घ्या. नोंद अजून आजोबांच्या नावावर असते. एक भाऊ इथे राहतो, दुसरा भिलाईत, बहीण नागपूरला. विकायला निघालेला भाऊ प्रामाणिक असतो, "सगळ्यांचं ठरलंय" असे सांगतो. पण बहिणीची सही नसेल तर ते ठरणे उपयोगाचे नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सगळ्या वारसांनी रजिस्ट्रीवर सही करावी, किंवा नोंदणीकृत हक्कत्याग आधी व्हावा. याला सहा महिने लागतात तसे सहा वर्षेही लागू शकतात, आणि त्या काळात आपले व्याज चालू असते. म्हणून वारसांचा प्रश्न सुटण्याआधी मोठा बयाणा देऊ नये.

घर गृहनिर्माण मंडळाचे किंवा विकास प्राधिकरणाचे असेल तर ते पट्ट्यावर आहे की फ्रीहोल्ड झाले आहे ते विचारावे. जुन्या शहरात जमीन नजूलची निघू शकते. तिथेही पट्टा आणि त्याचे नूतनीकरण पाहावे. शहराच्या कडेला घर किंवा प्लॉट असेल तर जमिनीचे डायव्हर्शन झाले आहे का, खसरा आणि बी-१ मध्ये कोणाचे नाव आहे, हे 'भुइयां' संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहता येते. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी असे व्यवहार स्वस्त म्हणून अजून पुढे केले जातात. आणि मंजूर नकाशा मागावाच. वरची खोली नकाशात नसेल तर पुढचा गिऱ्हाईक कर्ज काढायला जाईल तेव्हा त्याची बँक ती खोली मोजणार नाही. आपण मात्र तिचे पैसे दिलेले असतील.

आता भिंती. रायपूरच्या बऱ्याच भागात खाली कन्हार आहे, म्हणजे काळी चिकण माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर जाते. उन्हाळ्यात ती भेग लांबी भरून, रंग मारून लपवता येते. घर एकदा भर पावसाळ्यात पाहिले तर स्लॅबचा पाझर, जमिनीची ओल आणि गल्लीत साचणारे पाणी एकाच फेरीत कळते. गल्लीत पाणी साचते ते आपल्या दुरुस्तीने जात नाही.

पैसे कुठे घालावेत याबाबत आमचे मत सरळ आहे. पाझर, वायरिंग, नळ, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचा ओटा यांचे पैसे घेणारा देतो, कारण ते बिघडलेले असले की तो भाव पाडतो. फॉल्स सीलिंग, महागडे दिवे आणि आपल्या आवडीच्या टाइल्स यांचे पैसे तो देत नाही. स्तुती करतो आणि निघून जातो. मिस्त्रीच्या अंदाजावर पाचवा हिस्सा वाढवून धरावा. जुने गिलावे काढल्यावर आत काय निघेल ते मिस्त्रीलाही ठाऊक नसते.

दुरुस्तीचे पैसे ठेकेदाराला खात्यातून द्यावेत आणि पावत्या जपाव्यात. रोखीने, पावतीशिवाय केलेले सहा लाखांचे काम आयकराच्या हिशेबात सिद्ध करणे फार अवघड जाते. घराच्या सौद्यात तर २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, मग ती बयाण्याची असली तरी. "थोडे दोन नंबरमध्ये" म्हणणाऱ्याला हे सांगावे.

काही जणांना आणखी एका ठिकाणी ठेच लागते. वडिलोपार्जित घर विकून झालेल्या फायद्यावर कर वाचावा म्हणून जे घर आपण घेतले, तेच तीन वर्षांच्या आत विकले तर आधी मिळालेली करसवलत परत जाते. असे घर या कामासाठी वापरू नये. आणि दर वर्षी एखादे घर घेऊन विकत राहिलात तर आयकर खाते त्याला गुंतवणूक न मानता धंदा मानू शकते. तेव्हा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. दुसऱ्या घराला हात घालण्याआधी सीएकडे जावे.

विक्री ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का कापून सरकारजमा करतो. आपल्या उदाहरणात ते ५५,००० रुपये होतात. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरले जातात, पण रजिस्ट्रीच्या दिवशी हाती येत नाहीत. कर्ज फेडण्याचे गणित त्याप्रमाणे मांडावे. पितृपक्षात आणि खरमासात इथे कोणी सौदा पक्का करत नाही, हेही महिने मोजताना धरावे. काम भाद्रपदात संपले तर पहिला खरा गिऱ्हाईक दसऱ्याच्या सुमारासच येईल.