काळी गाडी, गोल जाळी

काळी गाडी घेतलीत? अभिनंदन! आता एक काम करा. रात्री पेट्रोल पंपावर जाल, तेव्हा वरच्या एलईडी दिव्याचं प्रतिबिंब बॉनेटवर कुठे पडतंय ते शोधा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल गोल रेघा दिसतायत? त्यांना म्हणतात स्वर्ल मार्क्स. दिवसा सावलीत टकाटक दिसणारी गाडी दिव्याखाली आली, की सगळी पोल खुलते. गुड न्यूज अशी, की हे मार्क्स निघतात. फक्त ते किती वेळा काढता येतील, याला लिमिट आहे.

माझी गाडी पाच वर्षांची, सेकंडहॅण्ड, काळीकुळकुळीत. त्यामुळे मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत या रेघांवरून खटला उभा राहिला, तेव्हा मीही आपोआप फिर्यादी पक्षात गणली गेले. आरोपी होते, रोज पहाटे गाड्या पुसणारे काका. ‘काकांना बंद करा, सगळ्यांनी मिळून वॉशिंग सेंटर लावू’ असा मेसेज ग्रुपवर पडला आणि धडाधड अंगठे आले. काका आमच्याकडे 14 गाड्या पुसतात. त्यातल्या निम्म्या गेल्या, तर त्यांच्या महिन्याचं गणितच कोलमडणार. म्हटलं, रविवारच्या मीटिंगआधी पुरावा तरी बघून घेऊ.

रेघ नेमकी कुठे असते?

पुरावा शोधत मी कर्वेनगरमधल्या एका छोट्या डिटेलिंग वर्कशॉपमध्ये पोचले. तिथल्या दादाने पहिल्या पाच मिनिटांत माझं शिक्षण सुरू केलं. गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ थरावर उभी आहे! स्वर्ल मार्क्स याच थरात असतात. काळा रंग खाली सुरक्षित असतो.

मग रेघा गोल का दिसतात? मुळात त्या गोल नसतातच. त्या वाट्टेल त्या दिशेने गेलेल्या असतात. पण दिव्याच्या प्रकाशाला ज्या आडव्या येतात, तेवढ्याच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश फेकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. तुम्ही दोन पावलं सरका, जाळंही सरकेल. पांढऱ्या गाडीवरही अशाच रेघा असतात, पण पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश परत टाकतो, की त्या त्यात हरवून जातात. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो आणि चमकते ती फक्त रेघ.

घासून काढायचं, पण किती?

पॉलिशने रेघ ‘भरली जाते’, हा आपल्याकडचा पॉप्युलर गैरसमज. खड्डा बुजवायच्या ऐवजी आजूबाजूची जमीनच खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायची, असा पॉलिशचा खरा फंडा आहे. म्हणजे दर वेळी थोडा क्लिअर कोट कायमचा जातो. भरणारी ग्लेझ मिळतात, पण ती धुतली जातात. माझ्या मैत्रिणीची गाडी एका ठिकाणाहून आरशासारखी होऊन आली आणि तिसऱ्या धुण्याला जाळं परत हजर!

म्हणून दादाने मशीनला हात लावण्याआधी जाडी मोजण्याचं मीटर काढलं. बॉनेट 112 मायक्रॉन, टप 118. मागचा डावा दरवाजा? 247! म्हणजे त्यावर नंतर पुन्हा रंग मारलाय. एजंटने शपथेवर सांगितलेला ‘ओरिजिनल पेंट’ असा दीड सेकंदात उघडा पडला. (सेकंडहॅण्ड गाडी बघताय? मीटरवाला मित्र सोबत न्याच.)

मग गाडी धुतली, क्ले बारने चिकटलेली घाण ओढून काढली, कडांना आणि रबराला मास्किंग टेप लावली. बॉनेटच्या दोन फूट चौकोनात आधी टेस्ट. मऊ फोम पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश. त्याने भागलं नाही, तरच पुढची पायरी. मशीन ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता हलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता कमी साचते. नुसता गरगर फिरणारा रोटरी जोरात कापतो, पण कच्च्या हातात दिला, तर काळ्या गाडीवर धुरकट होलोग्राम सोडतो. चार-पाच हात फिरवून झाल्यावर दादाने आयसोप्रॉपिल अल्कोहोलने तेल पुसलं, कारण तेलही रेघा लपवतं, आणि वर टॉर्च धरला. अर्ध्या बॉनेटवर जाळं, अर्ध्यावर खोल काळं पाणी. सही!

उजव्या दरवाज्यावरची एक लांब रेघ मात्र त्याने सोडली. नख फिरवलं तर अडकत होतं. ‘ताई, ही काढायला गेलो, तर क्लिअरच संपेल. राहू दे, गाडीला वय दिसायला काय हरकत आहे?’

निकाल

आता मुख्य प्रश्न, रेघा पडतात कशाने? धुळीने. त्यातले वाळूचे कण क्लिअर कोटपेक्षा कडक असतात. कोरड्या फडक्याखाली ते सापडले, की फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. वॉशिंग सेंटरचे गरगर फिरणारे ब्रशही तेच करतात, कारण आधीच्या गाडीची माती त्यांच्यात असतेच. म्हणजे ठरावातला उपायही रेघाच पाडणार होता.

मीटिंगमध्ये हे सगळं सांगून झाल्यावर मी काकांनाच बोलवायला लावलं. ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, टँकरचं पाणी म्हणून तुम्हीच मला एक बादली ठरवून दिलीय. एका बादलीत चौदा गाड्या पुसतो. दहाव्या गाडीपर्यंत ते पाणी राहतं का?’ सगळे गप्प.

अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. रोज पुसणं बंद, आठवड्यातून दोनदा नीट धुणं. प्रत्येक गाडीला दोन बादल्या, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. दोन मायक्रोफायबर ज्याच्या त्याच्या गाडीचे. आधी पाण्याने धूळ सोडवायची, मग वरून खाली पुसत यायचं. पाण्याचा हिशेब मांडला, तर रोजच्या एका बादलीपेक्षा ते जास्त लागणार, म्हणून खर्च गाडीवाल्यांनी वाटून घ्यायचा. काकांचे पैसे कमी करायचे नाहीत, हा मुद्दा दोन मतांनी पास झाला. दोनच, पण झाला!

काकांनी नव्या पद्धतीत स्वतःचा एक नियम घातलाय आणि तो कुठल्याही महागड्या कोटिंगपेक्षा स्वस्त आहे. फडकं एकदा जमिनीवर पडलं, की ते त्या दिवशी गाडीला लावायचं नाही. ते थेट टायरला.