दाण्याआधीची तयारी

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. धानाच्या मुलखात परसातल्या कोंबडीच्या नवजात पिल्लांपुढे सहज टाकली जाते ती तांदळाची कणी. कणी म्हणजे बहुतांशी पिष्ट. ज्या अंड्यातून पिल्लू आले, त्यात मात्र कर्बोदके जेमतेम एक टक्का असतात. बाकी पाणी, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. २१ दिवस त्यावर वाढलेला जीव कवच फोडतो आणि लवकरच दाणे टिपू लागतो. ज्या अन्नाशी आतड्याची कधी गाठच पडली नाही, ते पचवण्याची तयारी त्याने केली केव्हा?

आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. पचलेले अन्न त्यांवरील पेशींत आपोआप शिरत नाही; त्यासाठी पेशीपटलात वाहक प्रथिने असावी लागतात. एसजीएलटी-१ हा वाहक सोडियमच्या जोडीने ग्लुकोज आत घेतो. १९६० साली प्राग येथे रॉबर्ट क्रेन यांनी मांडलेली ही कल्पना आपल्या घरोघरी पोचली आहे : जुलाबात मीठ-साखरेचे पाणी उपयोगी पडते ते याच यंत्रणेमुळे. पेप्ट-१ हा दुसरा वाहक दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे आत ओढतो. प्रत्येक वाहकाचा आराखडा जनुकात असतो. जनुक कामाला लागले, की संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि त्यावरून प्रथिन घडते. हा आरएनए मोजला, की कोणते जनुक केव्हा जागे झाले ते कळते.

इस्रायलमधील झेहावा उनी आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील संशोधकांनी अशी मोजमापे केली. उबवणीच्या मधल्या काळात अन्न शोषण्याचे काम बलकाभोवतीचे पटल करते. पेप्ट-१चे जनुक तेथे जोरात असते. पुढे तेथे ते मंदावते आणि आतड्यात कित्येक पटींनी वाढते. ग्लुकोजवाहकाचे जनुकही शेवटच्या आठवड्यातच, म्हणजे पहिला दाणा दिसण्यापूर्वी, आतड्यात सक्रिय होते. शेतात पाणी येण्याआधी बांध-बंधारे नीट करून ठेवावेत, तसा हा प्रकार.

अर्थात संदेश म्हणजे काम नव्हे. आरएनए वाढला म्हणून तितकीच प्रथिने पेशीपटलावर पोचली असे होत नाही. शिवाय ते उंचवटे उंच आणि दाट होण्यासाठी आतड्यात प्रत्यक्ष अन्न यावे लागते. तयारी जनुकांची, पण ती पुरी होते अन्नाच्या स्पर्शाने.

व्यवहाराचा प्रश्न येतो तो येथे. जन्मापूर्वी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते, म्हणूनच एक दिवसाची पिल्ले खोक्यात घालून दूरवर पाठवता येतात. खुडूक कोंबडीखाली हीच शिदोरी आधी फुटलेल्या पिल्लाला भावंडांची वाट पाहू देते. पण तग धरणे आणि वाढणे यांत फरक आहे. उपाशी ठेवलेल्या पिल्लांच्या आतड्याची वाढ मागे पडते. इतकेच नव्हे, तर दाणा मिळालेली पिल्ले पोटातला बलकही उपाशी पिल्लांपेक्षा लवकर वापरतात. आतड्याची हालचाल सुरू झाली, की बलक पुढे सरकतो. त्या बलकात आईकडून आलेली प्रतिपिंडेही असतात.

तेव्हा उबवणी केंद्रातून पिल्ले आणणाऱ्याने ‘बलक आहे, उद्या पाहू’ असे म्हणू नये. ऊब, पाणी आणि बारीक खाद्य ती पोचताच द्यावे. नुसती कणीही पुरेशी नाही. ग्लुकोजचे दार तिने उघडते, पण पेप्ट-१ला प्रथिने लागतात. उकिरडा उकरून पिल्लांना किडे आणि वाळवी दाखवणारी कोंबडी ही दुसरी गरज भागवत असते. यंत्रात जन्मलेल्या पिल्लाला ती आई नसते. तिचे काम पाळणाऱ्याने करायचे असते.