पानपिंपळी : वऱ्हाडातील वेल आणि ज्येष्ठांचा खोकला

तुरीला शेंगा धरू लागल्या आणि पहाटेचा गारठा वाढला, की वऱ्हाडातील घराघरांतून ज्येष्ठांच्या खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. चांदूर रेल्वेसारख्या गावात अशा वेळी डब्यातून सुंठ, मिरे आणि त्यांच्या जोडीला पिंपळी बाहेर निघते. या तिन्हींना मिळून आयुर्वेदात ‘त्रिकटू’ म्हणतात. सुंठ आणि मिरे सर्वांच्या परिचयाचे; पिंपळी मात्र आपल्याच जिल्ह्यात पिकत असूनही अनेकांना केवळ नावानेच ठाऊक असते. ती कशासाठी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे ज्येष्ठांनी व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या मातीतील वेल

पिंपळी म्हणजे पिंपळाच्या झाडाचे फळ नव्हे. ती एक वेल असून विड्याचे पान आणि काळी मिरी यांच्याच कुळातील आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात ‘पानपिंपळी’ या नावाने तिचे मळे आहेत. बारी समाजातील शेतकरी पानमळ्यांच्या जोडीने तिची लागवड पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. तिला सावली, ओलावा आणि आधार तिन्ही लागतात. म्हणून पांगारा, शेवरी, हदगा अशा झाडांवर वेल चढवितात. बोटाच्या पेरासारखी लांबट फळे पूर्ण पिकण्याआधीच खुडून उन्हात वाळवितात. वेलीचे मूळही औषधी असून ते ‘पिंपळमूळ’ या नावाने विकले जाते.

परंपरेतील उपयोग

खोकला, दमा, मंदावलेली भूक, पोटातील वायू आणि जुना ताप यांवर पिंपळी वापरली जाते. घरगुती वापरात चिमूटभर चूर्ण मधातून चाटवितात किंवा दुधात उकळून देतात. ‘चौसष्ट प्रहरी पिंपळी’ म्हणजे ६४ प्रहर, अर्थात सलग ८ दिवस-रात्र खललेली पिंपळी. सितोपलादि चूर्णाचाही ती एक घटक आहे.

परंतु ज्या परंपरेने तिचे गुण गाइले, तिनेच सावधगिरीही सांगितली आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन वस्तूंचा अतिवापर करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात स्पष्ट म्हटले आहे. पिंपळीची संख्या दररोज वाढवीत नेऊन पुन्हा उतरविण्याचा ‘वर्धमान पिप्पली’ प्रयोग आहे खरा. पण तो वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचा आहे, स्वतःच्या मनाने नव्हे.

आधुनिक विज्ञान काय सांगते?

पिंपळीच्या तिखटपणामागे ‘पायपरीन’ हे द्रव्य आहे. आतडे व यकृत यांत औषधांचे विघटन करणाऱ्या काही विकरांना ते आवर घालते. परिणामी सोबत घेतलेले दुसरे औषध रक्तात अधिक प्रमाणात पोहोचते. या गुणाचा उपयोग भारतीय शास्त्रज्ञांनी क्षयरोगावरील औषधात करून दाखविला. रिफॅम्पिसिनच्या नेहमीच्या ४५० मिलिग्रॅम मात्रेऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन आणि १० मिलिग्रॅम पायपरीन असे संयुक्त औषध त्यातून तयार झाले.

हाच गुण ज्येष्ठांच्या बाबतीत धोक्याचा ठरू शकतो. फिट्सवरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफायलिन आणि रक्तदाब व हृदयासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण पायपरीनमुळे वाढते, असे मानवी अभ्यासांत आढळले आहे. गोळी तीच, मात्राही तीच. परंतु परिणाम जणू अधिक मात्रेचा. अशा वेळी आलेली चक्कर किंवा मंद झालेली नाडी आपण वयाच्या खात्यावर टाकतो आणि खरे कारण चूर्णाच्या डबीत राहून जाते. भाजीतील चिमूटभर मसाल्याने घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो दररोज, आठवडेच्या आठवडे घेतलेल्या चूर्णाचा आणि पायपरीनयुक्त गोळ्यांचा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे

• फिट्स, हृदयविकार, दमा यांची किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिंपळी नियमित देऊ नये. दवाखान्यात जाताना गोळ्यांसोबत चूर्णाची डबीही न्यावी.

• आम्लपित्त, छातीत जळजळ किंवा पोटातील व्रण असणाऱ्यांना तिच्या तिखटपणाचा त्रास होऊ शकतो.

• सितोपलादि चूर्णाच्या पारंपरिक कृतीत ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते. मधुमेही व्यक्तीने ते मधातून घेतले, तर साखरेत साखरेची भर पडते.

• रक्तदाबावरील एनालाप्रिल, रामिप्रिल अशा गोळ्यांमुळे काहींना कोरडा खोकला लागतो. तो कोणत्याही चूर्णाने जात नाही. डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी लागते. गोळी परस्पर बंद मात्र करू नये.

• क्षयरोगाच्या औषधांना पिंपळी हा पर्याय नव्हे. औषधांची मात्रा आपल्या मनाने कमी करणे घातक आहे.

• खोकला २ आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते. बेडक्यातून रक्त, धाप, पायांवर सूज किंवा अचानक आलेली भ्रमिष्टता दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

पिंपळी घ्यावयाचीच असेल, तर अखंड, कोरडी, बुरशी न लागलेली फळे आणावीत आणि थोडी थोडी कुटून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावीत. बरणीवर नाव व तारीख लिहावी, म्हणजे अंधुक दिसणाऱ्या डोळ्यांची गफलत होणार नाही. मात्रा आणि किती दिवस घ्यावयाची, हे मात्र आपली सर्व औषधे पाहून वैद्यांनीच ठरवावे. आपल्या घरातील ज्येष्ठ आज कोणकोणती औषधे व चूर्णे घेत आहेत, याची एक यादी याच आठवड्यात कागदावर उतरवून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती सोबत न्या.