कुंडीतील ब्रह्मकमळ का फुलत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांच्या अंगणात वा गच्चीवर ‘ब्रह्मकमळ’ या नावाने ओळखली जाणारी एक तरी कुंडी आढळते. कित्येक ठिकाणी ती वर्षानुवर्षे केवळ हिरवी राहते, फूल येत नाही. याचे कारण विचारल्यास उत्तर ठरलेले असते : वनस्पती हिमालयातील, तिला वऱ्हाडचे ऊन कसे मानवणार? हे उत्तर वरवर पाहता पटण्याजोगे आहे. परंतु त्यातील पहिले गृहीतच चुकीचे असल्यामुळे त्यावर आधारलेली निगाही चुकते. वनस्पतीचे मूलस्थान निश्चित केल्यावाचून तिच्या फुलण्याचा विचार करता येत नाही, हे या उदाहरणावरून दाखविण्याचा येथे हेतू आहे.

ब्रह्मकमळ हे एकच नाव दोन सर्वस्वी भिन्न वनस्पतींना लाविले जाते. हिमालयातील ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ऑब्वॅलाटा. ही सूर्यफुलाच्या कुलातील बहुवर्षायू ओषधी असून ती सुमारे ३७०० ते ४६०० मीटर उंचीवर, वृक्षरेषेच्या वर वाढते. उत्तराखंडाचे ते राज्यपुष्प होय. जांभळसर फुलोऱ्यांभोवती फिकट पिवळसर, पातळ छदांचे वेष्टन असते व ते आतील फुलोऱ्यास थंडीपासून जपते. आपल्या कुंडीतील वनस्पती मात्र एपिफायलम ऑक्सिपेटॅलम आहे. ती निवडुंगाच्या कुलातील असून तिचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अरण्ये हे आहे. रात्री उमलणाऱ्या मोठ्या शुभ्र फुलामुळे तिला हे नाव चिकटले असावे.

पहिली वनस्पती यवतमाळात फुलविणे व्यवहारतः शक्य नाही. अतिउंच पट्ट्यातील अनेक वनस्पतींच्या कळ्या फुलण्यापूर्वी एक वा अधिक वर्षे आधीच घडू लागतात. दीर्घ हिवाळा, बर्फाचे आच्छादन आणि नंतरचा अल्प, थंड उन्हाळा हा त्यांच्या जीवनक्रमाचाच भाग असतो. सुमारे ४५० मीटर उंचीच्या व मे महिन्यात ४२ अंशांच्या वर सहज तापणाऱ्या गावी हा क्रम कुंडीत निर्माण करता येत नाही. म्हणून ‘हिमालयातील अस्सल रोप’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर ते एक तर दुसरीच वनस्पती असते, अथवा डोंगरावरून उपटून आणिलेले व लवकरच मरणारे रोप असते.

दुसऱ्या वनस्पतीची गोष्ट निराळी आहे. ती अपिवनस्पती आहे, म्हणजे मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर, बेचक्यांत साचलेल्या पालापाचोळ्यात ती वाढते. आपण जिला पान म्हणतो ते तिचे चपटे झालेले खोड होय. एपिफायलम या नावाचा अर्थ ‘पानावर असलेले’ असा आहे. म्हणजे शास्त्रीय नावदेखील दर्शनी रूपालाच फसले आहे! या खोडाच्या कडेच्या खाचांतून कळ्या निघतात, आणि त्याही कोवळ्या फुटव्यांवर नव्हे, तर पक्व झालेल्या खोडांवर.

मूलस्थान असे ध्यानात आले म्हणजे निगेचे नियम आपोआप निघतात. पहिला प्रश्न मातीचा. आपली काळी कपाशीची जमीन माँटमोरिलोनाइट या खनिजामुळे पाणी धरून फुगते. तीतील हवेची जागा पाण्याने भरली म्हणजे फांदीवर मोकळ्या हवेत वाढणारी मुळे गुदमरून कुजतात. म्हणून पानांचे कुजलेले खत, जाड वाळू व विटांचे तुकडे यांचे सच्छिद्र मिश्रण वापरावे. कुंडी लहानच असावी, कारण मुळांनी न व्यापलेली माती अधिक काळ ओली राहते.

दुसरा प्रश्न उजेडाचा. वृक्षाच्या पर्णसंभारातून गाळून येणारा प्रकाश या वनस्पतीस मानवतो. दुपारच्या उन्हात खोडे पिवळी पडून करपतात, तर अंधाऱ्या कोपऱ्यात नुसती लांब, बारीक वाढ होते. सकाळचे कोवळे ऊन व नंतर कडुनिंबाची विरळ सावली ही व्यवस्था उत्तम. शिवाय निवडुंगाच्या कुलातील अनेक वनस्पतींप्रमाणे हिची त्वग्रंध्रे रात्री उघडतात, व कार्बन डाय-ऑक्साइड रात्रीच शोषिला जातो. उष्ण रात्री या कार्यास प्रतिकूल असतात. यास्तव दिवसभर तापून रात्री उष्णता सोडणाऱ्या पश्चिमेकडील भिंतीपाशी उन्हाळ्यात कुंडी ठेवू नये.

तिसरा प्रश्न पाणी व खत यांचा. हिवाळ्यात पाणी बरेच कमी करावे व नत्रयुक्त खत थांबवावे. अतिरिक्त नत्राने नवे फुटवे जोमाने येतात, फूल मात्र मागे पडते. उन्हाळ्यात माती वाळल्यावरच, शक्यतो सायंकाळी, पाणी द्यावे. कळी दिसल्यावर मात्र माती पूर्ण वाळू देऊ नये व कुंडीची जागा बदलू नये, कारण कळ्या गळतात. फूल रात्री आठ-नऊच्या सुमारास उमलू लागते व पहाटे मिटते. जो सकाळीच कुंडी पाहतो त्यास ते दिसतच नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या कुंडीत एक सोयीचा प्रयोगही सापडेल. एकाच रोपाची छाटकलमे आनुवंशिक दृष्ट्या समान असतात. अशी कलमे पक्व झाल्यावर त्यांचे गट करून, माती व खत तेच ठेवून, एका वेळी केवळ सावलीचे प्रमाण अथवा केवळ हिवाळी पाणी बदलावे आणि प्रत्येक रोपावरील कळ्या व प्रत्यक्ष उमललेली फुले निरनिराळी मोजावीत. गटात एकच कुंडी असेल तर निष्कर्ष काढता येत नाही, पुरेशा आवृत्त्या हव्यात. कलमास फुलण्याजोगे होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, हे आरंभीच हिशेबात धरावे.

नावाचा घोटाळा हा केवळ भाषेचा प्रश्न नव्हे. त्यामुळे एकीकडे निरोगी रोप ‘येथे फुलणारच नाही’ म्हणून उपेक्षिले जाते, आणि दुसरीकडे हिमालयातील, पूजेसाठी आधीच मोठ्या प्रमाणात तोडल्या जाणाऱ्या ब्रह्मकमळास वृथा मागणी निर्माण होते. कुंडीवरील चिठ्ठीवर लौकिक नावाशेजारी शास्त्रीय नाव व मूलस्थान लिहिले, तर या दोन्ही वनस्पतींचे हित साधेल.