माडीवरील लांकडी जमीन आणि फरशी

नागपुरांतील महाल, इतवारी ह्या जुन्या वस्त्यांमध्यें कडीपाटाच्या माड्यांचीं घरें अजूनहि आढळतात. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर देऊन सारवलेली जमीन, अशी ही रचना. सारवणाला कंटाळलेल्या घरांत माडीवरहि फरशी घालण्याचा विचार निघावा हें स्वाभाविकच आहे. परंतु फरशीचा रंग कोणता, हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न कड्यांचा.

फरशी ताठ असते, लांकूड हलतें. नागपुरांत वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पुढें पावसाळ्यांत सुमारें चाळीस इंच पाऊस पडतो. उन्हाळ्यांत आकसलेली फळी तेव्हां फुगते. लांबींत हा फरक नगण्य. पण नऊ इंच रुंदीची फळी अर्धा सूत सहज वाढते. अशा दहा-बारा फळ्या एकदम वाढल्या म्हणजे त्यांना चिकटलेली फरशी उचलली जाते किंवा तडकते, आणि बोल मात्र गवंड्याला लागतो.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती जिवावर बेतणारी आहे. एक इंच जाडीची शहाबादी फरशी व तिच्याखालीं दोन इंच सिमेंट-वाळूचा माल, ह्यांचा भार चौरस मीटरला सुमारें १६५ किलो होतो. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलींत तो अठरा क्विंटलांवर जातो. राहत्या खोलींत माणसें व सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो भार धरावा, असें भारतीय मानक सांगतें. म्हणजे जवळजवळ तेवढें ओझें कायमचें डोक्यावर बसलें! चार इंच मातीहि साधारण तितकीच भरते. ती न काढतां वर फरशी घालणें हा शुद्ध अविचार होय.

म्हणून माती आधीं उतरवावी. मग कड्या पाहाव्या, विशेषतः भिंतींत शिरलेलीं टोंकें. ओल आणि वाळवी तेथेंच लागते. पटाशी सहज रुतली तर ती कडी बदलावी. बारा फुटांची कडी भाराखालीं तीन सुतांहून अधिक लवूं नये. दगडी फरशीसाठीं याच्या निम्मीच. त्याहून अधिक लवत असेल तर मध्यें आधार द्यावा.

सैल फळ्या खिळ्यांनीं न ठोकतां स्क्रूंनीं आवळाव्या. त्यांवर जलरोधक प्लायवुड आडवें बसवावें. तक्त्यांमध्यें एक सूत व भिंतीलगत पाव इंच फट राखावी. वर पातळ सिमेंट बोर्ड आणि लवचीक चिकट मालांत बसविलेल्या सिरॅमिक फरशा. हा सारा थर चौरस मीटरला सुमारें ५० किलोंत आटोपतो. ओला माल लांकडावर थेट पसरूं नये. लांकूड त्यांतील पाणी पितें, फुगतें, आणि वाळल्यावर माल सुटतो.

काम दिवाळीनंतर काढावें. तेव्हां लांकूड फार कोरडेंहि नसतें व फार ओलेंहि नसतें. तुळयांविषयींच शंका असेल तर अभियंत्यास दाखविल्यावांचून पुढें जाऊं नये. तेथें माती काढून, फळ्या रंधून तेल दिलेली सागवानी जमीनच बरी.