माग, हद्द आणि पोलीस पाटील

आमच्या विहिरीवरची विजेची मोटार चोरीला गेली, त्या दिवशी मला प्रथम कळले की आपले शेत दोन पोलीस ठाण्यांच्या शिवेवर आहे. घर ओढ्याच्या अलीकडे, विहीर पलीकडे. सकाळी पाणी धरायला गेलेला चुलतभाऊ धावतच परत आला. पाइप कापलेले, केबल नाही, मोटार नाही. ओल्या मातीत दोन माणसांची पावले आणि काहीतरी जड ओढत नेल्याची खूण.

गावच्या पोलीस पाटलांना घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चहाही पाजला आणि म्हणाले, "विहीर आमच्या हद्दीत येत नाही. तुम्ही पलीकडच्या ठाण्यात जा." पलीकडच्या ठाण्यात सांगण्यात आले, "मोटारीची पावती आणा, तोवर अर्ज देऊन ठेवा."

अर्ज दिला. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे आम्हाला फार उशिरा समजले. गुन्हा दाखल झाला की त्याला नंबर पडतो, तपासाला कुणाची तरी नेमणूक होते, कोर्टाला कळवावे लागते. अर्जाचे तसे नसते. तो टेबलाच्या खणात सुखाने राहू शकतो. आमचा राहिला.

परतीच्या वाटेवर पाटील म्हणाले, "जुन्या काळी हे असं नव्हतं. माग शिवेपर्यंत आणून दिला की पुढचं गाव बांधील असायचं."

पाटलांनी हे कुठे वाचले नव्हते, वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. पण ते खरे आहे. गावगाड्यात जागल्या आणि रामोशी चोराच्या पावलांचा माग काढत. माग गावाच्या शिवेबाहेर गेला की तो शेजारच्या गावच्या जागल्याच्या हाती द्यायचा, त्याने पुढे न्यायचा. ज्या गावात माग थांबेल, त्या गावाने चोर तरी हजर करायचा, नाहीतर चोरीची भरपाई तरी करायची. शीव आली म्हणून कुणाची सुटका होत नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिच्यात राखणीचे ओझे ठरावीक जातींच्या खांद्यावर होते. पुढे इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि पारध्यांसारख्या लोकांच्या नशिबी हजेरीचा जाच आला. तो कायदा १९५२ साली गेला, मनातला संशय मात्र गेला नाही. आमच्या मोटारीची बातमी पसरली तेव्हा पारावर पहिले नाव निघाले ते माळावरच्या पारधी वस्तीचे. पाटलांनी एवढेच विचारले, "कुणी पाहिलं का?" कुणीच पाहिले नव्हते. तेवढ्या एका प्रश्नाने त्या रात्री वस्तीवर जाण्याची भाषा थांबली. ही कामगिरी कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही.

नगर जिल्हा – २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच – क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, तालुके चौदा. एका टोकाला अकोल्याचे सह्याद्रीतले डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेडचा बालाघाट. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाखांच्या पुढे होती. या पसाऱ्यात ठाणे, त्याखाली दूरक्षेत्र, त्याखाली बीट अशी उतरंड. बीट हवालदाराकडे अनेक गावे. त्याने समन्स बजवायचे, वॉरंटातला माणूस शोधायचा, बांधाची भांडणे मिटवायची, रात्री गस्त घालायची. शिवाय बंदोबस्त आहेच. मढीची यात्रा, मोहट्याचे नवरात्र, शिर्डीचे उत्सव, निवडणुका. जायकवाडीला पाणी सोडायचे ठरले की कालव्यावर आणि धरणावर पहारा. गावात चोरी होते तेव्हा हवालदार पुष्कळदा अशाच कुठल्यातरी बंदोबस्तात असतो. ठाण्यातले लोक टाळाटाळ करतात, ही तक्रार खरी आहे. नवा गुन्हा म्हणजे त्यांच्या डोक्यावर आणखी एक तपास, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून गावाला रोज दिसणारा कायदा म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी साठच्या दशकात संपली. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याची जागा १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने घेतली. आता नेमणूक प्रांताधिकारी करतात, कोणत्याही जातीचा माणूस पाटील होतो, काही गावांत बायकाही आहेत. त्याला गणवेश नाही, हत्यार नाही, पगार नाही, मानधन मिळते. ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. काम मात्र चोवीस तासांचे, आणि राहायचे त्याच गावात, त्याच भाऊबंदांत.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ मला एका पावसाळ्यात कळला. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक तरुण सून विहिरीत सापडली. पाय घसरला, असे घरचे म्हणाले. लाकडेही आणली गेली होती. पाटील त्या घराचे नात्यातले. त्यांना बाजूला घेऊन चार वजनदार माणसांनी समजावले, "झालं ते झालं, घराची अब्रू जाईल." पाटलांनी ठाण्याला फोन लावला. अशा मृत्यूची खबर देणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. संशयास्पद मृत्यू असेल आणि लग्नाला सात वर्षे झाली नसतील, तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी असे कायदा सांगतो. पोलीस येईपर्यंत पाटील छत्री धरून विहिरीच्या काठावर उभे होते. पुढे चौकशीत काय निघाले, हा या लेखाचा विषय नाही. त्या मुलीच्या आईवडिलांना तिचे तोंड पाहता आले आणि प्रश्न विचारता आले, ते त्या फोनमुळे. त्या घराशी पाटलांचे जाणेयेणे मात्र कायमचे तुटले.

खबर वेळेवर गेली तरी पुढे साक्ष टिकावी लागते. २०१४ साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित तरुणाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. त्याच महिन्यात, त्याच जिल्हा न्यायालयात, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या २०१६ च्या अत्याचार-खून खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. प्रत्येक खटल्याचा पुरावा वेगळा, हे मान्य. पण गावातला साक्षीदार खटला उभा राहीपर्यंत त्याच गावात राहतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच असते. त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर पुष्कळ काही ठरते.

घरांना दारे न लावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शनिशिंगणापुरातही सप्टेंबर २०१५ मध्ये पोलीस ठाणे झाले. काहींनी त्याची थट्टा केली. मला ती पटली नाही. श्रद्धा घर राखत असेल, पण गर्दीत हरवलेल्या पोराची नोंद घ्यायला माणूस आणि वही लागतेच.

आता हद्दीचे. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, समोर आलेल्या माणसाची फिर्याद घ्यावी आणि ती योग्य ठाण्याकडे पाठवावी, अशा सूचना पूर्वीही होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही गोष्ट थेट कायद्याच्या कलमात आली आहे. लोक तिला 'झिरो नंबरचा गुन्हा' म्हणतात. मला तो जुन्या जागल्याचाच कायदा वाटतो. माग शिवेपर्यंत आला, आता पुढच्याने हातात घ्यावा.

गेल्या वर्षी ओढ्यापलीकडच्याच एका शेतकऱ्याची केबल गेली. पाटील आता निवृत्त आहेत, तरी त्याच्याबरोबर अलीकडच्याच ठाण्यात गेले. हद्दीचा प्रश्न निघालाच. पाटील म्हणाले, "साहेब, हद्द तुमची नाही हे ठाऊक आहे. लिहून घ्या आणि तिकडं पाठवा." थोडी कुरकुर झाली, पण लिहून घेतले गेले. केबल अजून मिळालेली नाही. फिर्यादीची फुकट मिळालेली प्रत त्या शेतकऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवली आहे. परवा त्याने ती मला दाखवली. वरच्या कोपऱ्यातल्या नंबरावर त्याने बोट ठेवले होते.