चार महिने आणि पस्तीस मिनिटे

भुऱ्या हा माझ्या पुतणीचा कुत्रा. जातिवंत वगैरे नाही, कोथरूडच्या रस्त्यावर सापडलेला. पुतणी आणि जावई लंडनला राहायला निघाले तेव्हा तोही जाणार हे ठरलेलेच होते. मार्ग मात्र आडवळणाचा होता : मुंबईहून विमानाने पॅरिस, तिथून मित्राच्या गाडीने कॅले, आणि पुढे समुद्राखालच्या बोगद्यातून इंग्लंड. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा पाळीव कुत्रा प्रवाशाचे सामान म्हणून चालत नाही, स्वतंत्र माल म्हणूनच यावा लागतो. रस्त्याने मात्र तो आपल्या माणसांच्या मागे, सीटवर बसून येऊ शकतो.

निघायला पंधरा दिवस असताना कागद चुकल्याचे कळले. भुऱ्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली होती, चिप मात्र परदेशाचे ठरल्यावर बसवली. नियम असा की आधी चिप, मग लस. चिपेपूर्वीची लस कोणत्या कुत्र्याला टोचली याला पुरावा नसतो. म्हणजे सहा वर्षांच्या लशी कायद्याच्या हिशेबी कुणा बिननावाच्या कुत्र्याला दिलेल्या. त्यांवर केलेली रक्ततपासणीही फुकट गेली. दवाखान्याने हे सांगायला हवे होते. आता नवी लस, किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने. ‘‘काका, तुम्ही ठेवाल ना त्याला?’’ पुतणीने विचारले. नाही म्हणणे शक्य नव्हते. त्या चार महिन्यांत, तो माझ्या खुर्चीखाली झोपलेला असताना, मी या नियमांचा इतिहास वाचून काढला.

ब्रिटनने १८९७ मध्ये परदेशी कुत्र्यांना विलगवास लावला आणि १९०१ पासून तो सहा महिन्यांचा केला. देशातल्या कुत्र्यांना मुसक्या बांधण्याची सक्तीही होतीच. १९०२ मध्ये रेबीज संपला. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो १९१८ मध्ये परत आला आणि १९२२ पर्यंत पुन्हा घालवावा लागला. बेट असण्याचा हा फायदा. आपल्यासारख्या मोकाट कुत्र्यांच्या देशात असली भिंत घालायची कुठे?

पण सहा महिनेही पुरत नाहीत, हे १९६९ मध्ये कॅम्बर्ली या गावी दिसले. जर्मनीहून आलेला एक कुत्रा विलगवास पुरा करून घरी गेला आणि मग पिसाळला. या रोगाचे विषाणू चावल्याजागेहून मेंदूपर्यंत नसांतून सरकतात, आणि त्यांना लागणारा काळ ठरलेला नसतो. म्हणजे नुसते कोंडून ठेवणे हा तसा अंदाजच होता.

१९९४ मध्ये बोगदा सुरू झाला, तरी कुत्र्याची कोठडी सुटली नाही. १९९८ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी पर्याय सुचवला आणि २८ फेब्रुवारी २००० पासून युरोपातून येणाऱ्या कुत्र्यांना चिप, लस, रक्ततपासणी यांच्या आधारे थेट घरी जाता येऊ लागले. रक्तात मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंडे हवीत. युरोपातून आलेल्यांना आता ही तपासणी लागत नाही, भारतातून आलेल्यांना लागते. लस टोचण्याआधीच कुत्र्याला लागण झालेली असली, तर ती उघडी पडायला वेळ मिळावा म्हणून तीन महिन्यांची वाट. पूर्वी हे दिवस कुत्रा परक्या पिंजऱ्यात काढी, आता घरी काढतो. मला तरी हा बदल फार मोठा वाटतो.

शेवटची अट पट्टकृमीची. मध्य युरोपातल्या कोल्ह्यांत एक बारीक पट्टकृमी असतो. कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात गाठी होतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. ब्रिटन त्यापासून मुक्त आहे. म्हणून तिथे पाऊल टाकण्याच्या किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तास आधी, पशुवैद्याने औषध देऊन वेळेसह नोंद करायची. उशीर झाला तर औषध काम करण्याआधीच कुत्रा आत शिरतो; फार आधी दिले तर वाटेत नवी लागण व्हायला वाव राहतो. जावयाने पॅरिसमध्येच मंगळवारी दुपारी हे उरकले आणि गुरुवारी सकाळची गाडी धरली. बोगद्यातला प्रवास अवघा ३५ मिनिटांचा.

कॅलेला पाळीव प्राण्यांच्या तपासणीची वेगळी इमारत आहे. तिथे अधिकारी कुत्र्याला हात लावत नाही, वाचनयंत्र मालकाच्याच हाती देतो. पुतणीने ते भुऱ्याच्या मानेवरून फिरवले, काही नाही. पुन्हा फिरवले, काही नाही. तिने मला तिथूनच फोन लावला. मी इथे काय करणार होतो? मग आठवले, संध्याकाळी त्याला खाजवताना ती तांदळाएवढी गाठ मला डाव्या खांद्याखाली लागायची. चिपा कधी कधी सरकतात. ‘‘खाली बघ, खांद्यापाशी,’’ मी म्हणालो. फोनमधून बारीक ‘टीं’ ऐकू आला, आणि पाठोपाठ भुऱ्याचे भुंकणे.